एकच बाई जिवंत

धाकटी सेहेचाळीस वर्षांची होती, तरी घरात तिला धाकटीच म्हणत. दाताच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देता देता तिने चक्क एकशे बारा पानांची पटकथा लिहून काढली होती. डॉक्टर म्हणाले, "वा, वा!" त्यांनी मुखपृष्ठ वाचलं होतं. पेशंटनीही भरभरून कौतुक केलं. डॉक्टरांचं यंत्र तोंडात असताना दुसरं काय करणार बिचारे?

दाखवली नव्हती ती फक्त ताईला. कारण पटकथेतली दुष्ट बहीण म्हणजे ताईच होती. कुणी ओळखू नये म्हणून तिचे केस तेवढे कुरळे केले होते. झालं वेषांतर!

शनिवारी स्पर्धेची मुदत संपत होती. निवडलेल्या पटकथेवर खरोखरचा सिनेमा निघणार होता, आणि धाकटीने तो निघाल्यातच जमा धरून नोकरी सोडणार असल्याचंही जाहीर केलं होतं. तरी आपली एकदा जाणकाराच्या नजरेखालून घालावी, किरकोळ शुद्धलेखन वगैरे असेल तर, म्हणून बुधवारी ती सल्लागारबाईंकडे गेली. बाई लोकांच्या पटकथा वाचून दुरुस्त्या सुचवायच्या. त्यांच्या खोलीत खुर्च्या चार होत्या, पण त्यांतल्या तिनांवर पटकथांचे ढीग बसले होते. त्यामुळे चौथी धाकटीला देऊन बाई स्वतः खिडकीच्या कठड्यावर टेकल्या.

त्यांनी पुठ्ठ्याची एक पट्टी काढली. "मी पात्रांची नावं झाकून वाचते. कोण बोलतंय ते तुम्ही ओळखायचं."

"अहो, मीच लिहिलंय! मी नाही ओळखणार?"

"'आयुष्य म्हणजे न संपणारी प्रतीक्षा.' कोण?"

"नायिका," धाकटी ऐटीत म्हणाली.

बाईंनी पट्टी सरकवली. "प्लंबर."

"तो... जरा विचारी आहे."

"'वेदनेतूनच माणूस घडतो.'"

"हा नायक. नक्की!"

"सहा वर्षांचा मुलगा. झोपाळ्यावर." बाईंनी पान उलटलं. "'गॅस बंद केलास का? मग हात काय हलवतेस? रडायचंय तर आधी पाणी पी, मग रड.'"

"ताई!" धाकटीच्या तोंडून निसटलंच.

"ताई कोण? इथे कुरळ्या केसांची दुष्ट बहीण लिहिलंय." बाईंनी पट्टी खाली ठेवली. "तुमच्या सिनेमात एकच बाई जिवंत आहे, आणि तिलाच तुम्ही शेवटी जिन्यावरून ढकलताय. बाकीचे सगळे तुम्हीच आहात, वेगवेगळे कपडे घालून. आणि शेवटी नायिका तीन पानं भाषण करते, तेव्हा ही काय करते?"

"ऐकते."

"तीन पानं? ही?"

बाईंनी गठ्ठा धाकटीच्या हातात दिला.

"जिच्यावरून उचललीत ना, तिच्यासमोर बसून वाचा."

"त्यापेक्षा मी दाढ काढून घेईन. भुलीशिवाय!"

"काढा. पण शनिवारच्या आत."

दोन दिवस धाकटीने ताईच्या दारातूनच परत फिरायचा कार्यक्रम केला. शुक्रवारी संध्याकाळी मात्र तिने इस्त्री करणाऱ्या ताईसमोर एकदाचा गठ्ठा ठेवला. ताईने इस्त्री उभी केली, चष्मा लावला आणि वाचत सुटली.

"कुणाचे गं हे कुरळे केस?"

"असेच. कल्पनेतले."

"आणि रडायच्या आधी पाणी पी, हेही कल्पनेतलं?"

धाकटीने उशीचा अभ्रा घडी घालायला घेतला. तो आधीच घडी घातलेला होता.

मग ते भाषण आलं. 'तू माझी स्वप्नं पायदळी तुडवलीस' पासून 'इतिहास तुला क्षमा करणार नाही' पर्यंत. ताईने तिन्ही पानं वाचली.

"हे तू मला म्हणालीस?"

"सिनेमात."

"इतिहास कशाला मध्ये आणलास? नाटकाच्या कॉलेजात जाऊ नको म्हणाले, ते मी म्हणाले. आणि तू एक अक्षर बोलली नाहीस. बॅग उचललीस, दार आपटलंस, आणि नऊ महिने फोन नाही."

धाकटी बघतच राहिली. तीन पानं खपून तिने जे रचलं होतं, ते बहिणीने इस्त्री थंड व्हायच्या आत उभं केलं होतं, तेही फुकट! तिने पेन्सिल घेतली आणि तिन्ही पानांवर आडव्या रेघा मारल्या. खाली लिहिलं: नायिका बॅग उचलते. दार आपटते.

उरलेला सिनेमा आता रात्रीत सावरायला हवा होता. प्लंबरला तर गप्पच करायला लागणार होतं.

"मी गेल्यावर तू काय केलंस?"

ताईने शर्टाची कॉलर दोनदा सरळ केली. "तुझं ताट वाढून ठेवलं होतं. मीच जेवले ते."

"मग?"

"मग काय? भांडी घासली."

धाकटीने जिन्याचा प्रसंग खोडून तेवढंच लिहिलं. त्यापुढे कुणाच्याही तोंडी एक वाक्यसुद्धा घालायची तिची हिंमत झाली नाही, आणि शनिवारी दुपारी पटकथा त्याच शेवटासह स्पर्धेला गेली.