नासिरचं प्रकरण

चंद्रभान सकाळी सकाळीच आला आणि ओट्यावर चढता चढता त्याने एक पुस्तक बन्सीधरच्या मांडीवर टाकलं.

"वाचा काका. वालूरच्या परमेश्वरनं काय दिवे लावलेत ते वाचा."

बन्सीधरने चष्मा पुसला. कव्हरवर डोंगर, काटेरी तार आणि नाव, 'समोरची चौकी'. खाली 'कादंबरी' आणि त्याखाली परमेश्वरचं नाव. हा परमेश्वर बन्सीधरच्या मुलाच्या, भागवतच्याच तुकडीतला. आठ वर्षांपूर्वी भागवतची पेटी तिरंग्यात गुंडाळून गावात आली तेव्हा परमेश्वर जम्मूकडे दवाखान्यात पडून होता. नंतर हाताला पट्टी बांधून एकदा आला, भागवतच्या आईच्या, कमलबाईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि एक शब्द न बोलता उठून गेला. पुढे त्याची नोकरी सुटली आणि सेलूत एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायला लागला, एवढं बन्सीधरच्या कानावर होतं. तो लिहितो हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

"अर्धं पुस्तक आपल्या जवानांचं, आन अर्धं पलीकडच्या फौजेचं," चंद्रभान म्हणाला. गावातल्या शहीद स्मारक समितीचा तो अध्यक्ष. "त्यांचा एक नासिर म्हनून हाय. त्याचं लहानपन, त्याची माय, त्याचं मरन, पानंच्या पानं भरलेत! आन आपला जवान मरतो तो दोन ओळीत. वाचनाऱ्याला रडू कुनाचं यावं? त्या नासिरचं! आन रविवारी पाथरीत ह्याचा सत्कार ठेवलाय लोकांनी."

"मंग?"

"मंग काय? आमी होऊ देनार न्हाई. तुमी फकस्त म्होरं येऊन बसा, काकूला बी आना. शहीदाचे मायबाप समोर असल्यावर कोन तोंड उघडतंय बघू."

बन्सीधर येतो म्हणाला. त्याला खरंच राग आला होता. पोरगा गेल्यापासून त्याच्याजवळ एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे पोरगा कसा गेला. पेटीबरोबर आलेल्या साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "बाबा, एकच गोळी. छातीवर घेतली. त्याला कळलंसुद्धा नाही." पेटी उघडू दिली नव्हती. ते वाक्य बन्सीधरने इतक्या शाळांमध्ये, इतक्या झेंडावंदनांना सांगितलं होतं की आता ते त्याला पाठ करावं लागत नव्हतं. तो एसटीत कंडक्टर होता. आयुष्यभर लोकांच्या गर्दीत ओरडून ओरडून त्याचा आवाज कमावलेला. 'एकच गोळी' म्हणताना तो आवाज खाली आणायचा आणि समोरची पोरं चिडीचूप व्हायची. कमलबाई त्या वेळी मांडीवरच्या पदराकडे बघत बसायची. पण घरी आल्यावर कधीमधी म्हणायची, "लेकराला तरास झाला न्हाई, तेवढं देवानं केलं."

न वाचता आरडाओरडा करायचा हे मात्र त्याला पटेना. त्याने पुस्तक वाचायला घेतलं. दुपारी बाज लिंबाखाली ओढायची आणि ओळीवर बोट ठेवून पुढं सरकायचं. वाचन त्याला सोपं जायला लागलं, कारण परमेश्वर बोलल्यासारखं लिहीत होता. इकडच्या चौकीत दिगंबर नावाचा मराठवाड्यातला जवान होता. तो भागवतसारखाच उंच, भागवतसारखाच खाण्याला पुढं. मध्ये नाला आणि समोरच्या चढावर दुसरी चौकी. तिथं नासिर. इकडं थंडीनं बोटं फुटायची, तिकडंही फुटायची. दिगंबर मरतो तिथं बन्सीधर थांबला. एकच गोळी, छातीवर. चंद्रभान म्हणाला तशा दोनच ओळी होत्या; पण त्या वाचून त्याला बरं वाटलं. साहेब खोटं बोलला नव्हता.

मग नासिरचं प्रकरण आलं.

नासिरला पोटात गोळी लागते आणि तो नाल्यात पडतो. दोन्ही बाजूंनी गोळीबार चालू, त्यामुळं त्याला उचलायला कुणालाच खाली उतरता येत नाही. सकाळचा पडलेला माणूस दिवसभर तिथंच. आधी तो पाणी मागतो, मग आईला हाका मारतो, आणि मग त्याची शुद्ध हरपायला लागते. नासिरचा बाप बस चालवणारा. लहानपणी तो बापाच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसायचा. तर तो नाल्यात पडल्या पडल्या वाटेवरच्या गावांची नावं घ्यायला लागतो. गावं तिकडची होती, कधी न ऐकलेली. पण प्रत्येक गावाचं नाव घेतलं की तो तोंडानंच घंटी वाजवायचा. टिंग टिंग. मग पुढचं गाव. टिंग टिंग.

बन्सीधरचं बोट त्या ओळीवरून हललं नाही.

भागवत पाच-सहा वर्षांचा असताना शाळेला सुट्टी लागली की बापाबरोबर ड्युटीवर यायचा हट्ट धरायचा. परभणी-पाथरी गाडी. कंडक्टरच्या सीटवर खिडकीजवळ उभा राहायचा. घंटीची दोरी त्याच्या हाताला पुरायची नाही. मग माणसं चढून झाली की तोंडानंच डबल बेल द्यायचा आणि ड्रायव्हर हसून खरंच गाडी सोडायचा. परभणी, टिंग टिंग. पेडगाव फाटा, टिंग टिंग. कोल्हा, मानवत रोड, मानवत, पाथरी. ही गोष्ट बन्सीधरने कुठल्याच भाषणात सांगितली नव्हती. त्यात सांगण्यासारखं होतंच काय?

"जेवायला या की," कमलबाईने आतून हाक मारली.

"भूक न्हाई," तो म्हणाला आणि पुस्तक उशीखाली सारलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं निमित्त सांगून त्याने सेलू गाठलं. बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत परमेश्वर बाहेर आला. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. बन्सीधरला बघून त्याचा चेहरा उतरला. दोघं बाजूच्या टपरीमागच्या बाकावर बसले. चहा आला, कुणी उचलला नाही.

"तुझा नासिर तोंडानं बेल वाजवतो," बन्सीधर म्हणाला. "आमच्या भागवतसारखी."

परमेश्वरने चहाचा कप बाजूला सारला.

"मी काय इचारायलोय ते तुला समजायलंय. खरं सांग. मह्या गळ्याची आन हाय तुला."

"काका, नका इचारू."

"एका गोळीत गेला का न्हाई?"

"न्हाई," परमेश्वर म्हणाला.

मग तो खाली बघून सांगत राहिला. भागवत सकाळी नाल्यात पडला तो तिन्हीसांजेपर्यंत होता. त्याला आणायला दोघं उतरले, परमेश्वर आणि आणखी एक. दुसरा जागेवर गेला, परमेश्वरची बोटं गेली आणि त्याला मागं ओढून घेतलं. त्यानंतर साहेबाने कुणाला उतरू दिलं नाही. खंदकात बसून सगळे ऐकत राहिले.

"आन काका, तिथं तो एकटा न्हवता. त्यांचा बी एक पडला होता. भागवतपासून ह्या टपरीइतका लांब. तो बी असाच. हिकडून माय, माय, आन तिकडून माँ. त्यांच्याकडून बी कुनाला उतरता येईना, आमी मारायलो होतो ना. दुपारनंतर एकच आवाज राहिला. तवा आमाला कळंना कोनाचा राहिलाय. शेवटाला सगळे आवाज सारकेच व्हतेत. मंग त्यानं गावं घेयाला सुरुवात केली, तवा कळलं आपला हाय."

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. बन्सीधर तो जाईपर्यंत थांबला.

"कुठपर्यंत आला होता?"

"काका…"

"पाथरीला पोचला का?"

"न्हाई. मानवत रोडपर्यंत यायचा, आन विसरायचा. मंग पुन्ना परभनीपासून धरायचा."

बन्सीधरने दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. परमेश्वर रडत होता, पण आवाज नव्हता.

"साहेबानं सगळ्यांना सांगितलं, घरी असंच कळवायचं, एकच गोळी," तो म्हणाला. "त्याचं चुकलं न्हाई. पन मला ते डोक्यातून जाईना. लिहिल्याबिगर जाईना, आन भागवतच्या नावानं लिहिलं तर तुमी वाचताल. म्हनून त्या दुसऱ्याला दिलं. तो बी तिथंच मेला ना काका. त्याचं कुनी लिहिनार न्हवतं."

"रविवारी तुझ्या कार्यक्रमात पोरं धिंगाना करनार हायेत. जाऊ नको तू."

"तुमी म्हनता तर न्हाई जात," परमेश्वर म्हणाला. मग उठता उठता, "पन मी न्हाई गेलो तर लोक म्हनतील, ह्यानं खोटं लिहिलं म्हनून तोंड लपवलं. जातो मी, काका."

घरी येऊन बन्सीधरने चंद्रभानला फोन लावला. ते राहू दे, मला नको ते, म्हणाला. चंद्रभान हसला. "काका, त्यानं तुमाला गाठलं वाटतं. तुमी भोळे. आता माघार न्हाई, पत्रकारांना बोलवून झालंय." कमलबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. सांगावं म्हणून तो दोनदा उंबऱ्यापर्यंत गेला. तव्यावरची भाकरी उलटताना तिने वर बघितलं, "काय म्हनले डाक्टर?" तो म्हणाला, "काय न्हाई, बीपीची गोळी दिली." शनिवारही तसाच गेला.

रविवारी जीप दारात आली. कमलबाई ठेवणीतलं पातळ नेसून तयार होती. न जावं तर ती एकटी जाणार होती.

पाथरीच्या त्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं असतील. स्टेजवर परमेश्वर कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसला होता. पाहुणे बोलायला उभे राहिले तोच घोषणा सुरू झाल्या. चंद्रभानची पोरं स्टेजवर चढली. एकाने बाटलीतली शाई परमेश्वरच्या तोंडावर ओतली, दुसऱ्याने कानाखाली वाजवली. टेबलावरची पुस्तकं फाडून पानं खाली उधळली. परमेश्वरने हात वर केला नाही. त्याच्या डोळ्यांत शाई गेली होती आणि तो शर्टाच्या बाहीने नुसता पुसत होता, तीन बोटांच्या हाताने. मोबाइल सगळीकडून वर झाले होते.

"आता वीरपिता बोलतील!" चंद्रभानने माइक बन्सीधरच्या हातात दिला.

बन्सीधर उभा राहिला. पहिल्या रांगेत कमलबाई पदर सावरून बसली होती, त्याच्याचकडे बघत. त्याला वाटलं, नेहमीचं भाषण करावं आणि घरी जावं. मग वरून परमेश्वरच्या खोकण्याचा आवाज आला.

"ते पुस्तक फाडू नका," तो म्हणाला. कमावलेला आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "त्यात नासिर लिहिलंय, पन तो नासिर न्हाई. तो मपला भागवत हाय. एका गोळीत गेला न्हाई तो. दिवसभर पडला होता. मायला हाका मारत होता. मी तुमाला इतके वर्सं खोटं सांगितलं. मला बी ठावं न्हवतं. ह्या पोरानं त्याला आनायला जाऊन आपली बोटं घालवली, आन तुमी त्याच्या तोंडाला काळं लावायलात."

 क्षणभर वाटलं, आता पोरं खाली मान घालतील. पण मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा बावचळला," आणि दुसऱ्याने विचारलं, "किती दिले ह्याला?" चंद्रभानने माइक काढून घेतला आणि 'अमर रहे' सुरू केलं. लोकांनी हात वर केले.

कमलबाई उठली. पडलेल्या पानांवरून चालत ती दारातून बाहेर पडली. बन्सीधर मागं धावला तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी होती. जीपवाल्याला ती एवढंच म्हणाली, "घरी सोडा."

बन्सीधरचं बोलणं कापून, 'दबावाखाली वीरपिता' अशा नावाने व्हिडिओ फिरला. प्रकाशकाने पुस्तकं दुकानांतून परत मागवली. बँकेने परमेश्वरला दुसऱ्या तालुक्याला पाठवलं. प्रजासत्ताक दिनाला गावच्या शाळेने बन्सीधरला बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तो गेला नसता.

घरात कमलबाई बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ती म्हणाली, "आख्ख्या पाथरीला सांगितलं. मी तुमच्या घरात भाकऱ्या थापायलते, मला न्हाई सांगितलं."

"तुला सहन व्हयाचं न्हाई म्हनून…"

"त्या पोराला बोलवा."

परमेश्वर आला. जमिनीवर मांडी घालून बसला. काकू भागवतचं विचारणार म्हणून तो मनाची तयारी करून आला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण कमलबाईने भागवतचं काहीच विचारलं नाही.

"तो दुसरा," ती म्हणाली. "त्याचं मढं कुनी नेलं का?"

"नेलं काकू. दोन रोजानं. पांढरं निशान दावून आले, आन आमी उचलू दिलं."

"त्याला माय होती?"

"असंल. हाका तर तिलाच मारत होता."

"तिला काय कळवलं असंल त्यांनी?"

परमेश्वरने बन्सीधरकडे बघितलं. "आपल्या साहेबानं कळवलं तेच, काकू. सगळीकडं तेच कळवत असतील."

कमलबाईने मान हलवली, जणू बाजारातला भाव ऐकला. "बरी हाय मंग ती बाई," म्हणाली आणि उठून आत गेली. परमेश्वर संध्याकाळपर्यंत बसून होता. ती बाहेर आली नाही.

त्या आठवड्यातच ती पिंगळीला बहिणीकडे गेली. होळी गेली, पाडवा गेला. बन्सीधर तीनदा जाऊन आला आणि तीनदा एकटाच परतला. चैत्राचं ऊन तापायला लागल्यावर एका दुपारी ती आपणहून दारात उभी राहिली, पिशवी खाली ठेवली, रांजणातलं पाणी प्याली. बन्सीधर बाजेवरून उठून उभा राहिला.

"परत आले म्हंजी राग गेला असं समजू नका," ती म्हणाली. "तुमी जे केलं ते त्या पोरासाठी केलं, ते समजायलंय मला. त्याला मारायले होते. पन माझ्यासाठी ते बरं झालं असं मी कवाच म्हननार न्हाई. मरस्तोवर न्हाई."

"नको म्हनू," बन्सीधर म्हणाला.

तिने पदर खोचला आणि महिनोन्‌महिने तिचा हात न लागलेल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं जाळं काढायला झाडू घेतला.