द्राक्षांचा एकच घोस

हमदाने शेळीची धार पुरती काढली आणि मगच मान वर केली. दारात फ्रेंच साहेब उभा होता, जुन्या देवळाच्या आवारात वसलेली घरं पाडून तिथे उत्खनन करायला आलेला. शेजारी दमास्कसहून आलेला दुभाष्या अनीस, आणि अनीसच्या दोन्ही हातांवर, तान्हं मूल धरावं तसं, एक भलंमोठं पुस्तक.

"उम्म नायिफ, साहेब म्हणतात, हे जरा बघा."

नायिफ तिचा थोरला. सगळं तदमूर गाव तिला त्याच्याच नावाने, नायिफची आई म्हणून, हाक मारी.

दुधाचे हात न पुसताच ती पुढे झाली, तसं अनीसने घाईघाईने पुस्तक मागे घेतलं. पुस्तकाला डाग पडू द्यायचा नाही आणि आमची घरं मात्र पाडायची, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चित्र पाहून ती थबकली. देवळाचे खांब, पलीकडचा उंच दरवाजा, दरवाजावर कोरलेली वेल. सगळं ओळखीचं. फक्त आवारातली घरं, कोंबड्या, वाळत घातलेले कपडे, यातलं काहीच नव्हतं. होती ती रिकामी वाळू, आणि पडक्या खांबाला टेकून पेंगणारा एक उंटवाला.

"दीडशे वर्षांपूर्वी इथे एक चित्रकार येऊन गेला, त्याने काढलंय," अनीस म्हणाला. "साहेबांचं म्हणणं, तेव्हा या बाजूला वस्ती नव्हतीच. तुम्ही मागाहून घुसलात. आवार तर रिकामं करायचंच आहे, पण नव्या गावात जागा मिळणार ती जुन्या रहिवाशांना. तुमच्या गल्लीला नाही."

"मग आम्ही जायचं कुठे?"

हे अनीसने साहेबाला विचारलं नाही. नुसते खांदे उडवले.

हमदाच्या अंगाचा तिळपापड झाला. सात बाळंतपणं झाली होती तिची या घरात, आणि परवा आलेला हा माणूस तिलाच उपरी ठरवत होता. पण ती ओरडली नाही. वाकून तिने चित्र पुन्हा पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग ओलं बोट वेलीच्या टोकावर टेकवलंच.

"हा घोस दिसतोय का तुला?" तिने अनीसला विचारलं.

"दिसतोय की. द्राक्षांचा."

"मग अंगणातून दाखव मला."

अंगणासमोर देवळाची जुनी भिंत आडवी आली होती. अनीसने सांगितलं तसं साहेबाने टाचा उंचावल्या, दोन पावलं मागे सरला, डावीकडे जाऊन पाहिलं. वेल भिंतीमागेच राहिली.

"तुमचा चित्रकार काय हवेत तरंगत होता?" हमदा म्हणाली. "चल, शिडी चढ. यालाही चढव."

घराच्या सपाट मातीच्या छपरावर, धाब्यावर, पोचल्यावर साहेबाने पुस्तक समोर धरलं. खांब जुळले. दरवाजा जुळला. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग त्याने बोटाने काहीतरी मोजलं आणि तो हसला.

"साहेब म्हणतात, इथून तीन घोस दिसतात. चित्रात एकच आहे. म्हणजे तो इतक्या उंचावर नव्हता. त्याने चित्र काढलं ते या घरावरून नव्हे."

हमदाने कमरेवर हात ठेवले.

"याला विचार, तुमच्याकडे धाबं लिंपतात का?"

"आता हे काय मध्येच, उम्म नायिफ?"

"विचार तर खरं."

साहेबाने नकारार्थी मान हलवली.

"तरीच. आम्ही दर वर्षी पावसाच्या आधी मातीत भुसकट कालवून एक थर देतो. जुना खरवडत नाही. चाळीस थर मी या हातांनी दिलेत. त्याआधी सासूने, तिच्याआधी तिच्या सासूने." धाब्याच्या फुटक्या कडेशी तिने बोट दाखवलं. तिथे मातीचे थर पोळीच्या पदरांसारखे एकावर एक दिसत होते. "वेल खाली नाही गेली, बाबा. धाबं वर आलंय. याला गुडघे टेकायला सांग."

हे साहेबाला कोणत्या शब्दांत सांगावं ते अनीसला सुचेना. शेवटी त्याने एकदाचं सांगितलं.  मग विजार गुडघ्यांशी जरा वर ओढून साहेब खाली झाला, आधी एक गुडघा, मग दुसरा.

समोरची भिंत वर चढली. तिसरा घोस गेला. दुसरा गेला. एक उरला.

साहेबाने पुस्तकात पाहिलं, समोर पाहिलं, पुन्हा पुस्तकात पाहिलं. त्याची मान लाल झाली होती.

"आमच्या धाब्यावर बसून चित्र काढलं आणि आमची घरंच तेवढी गाळली," हमदा म्हणाली. "आमच्याच घरी जेवलाही असेल मेला. घरं पाडायला तुमच्याकडे शिपाई आहेत, पाडा. पण इथे कुणी नव्हतंच असं म्हणून नाही पाडायची. गल्लीतल्या सगळ्यांची नावं लिही म्हणावं, जुने रहिवासी म्हणून."

साहेब हळू आवाजात काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात, दमास्कसला गेल्यावर वरिष्ठांच्या कानावर घालतील, आणि मग..."

हमदाने पुढचं ऐकलं नाही. ती भराभर खाली उतरली आणि शिडी काढून भिंतीच्या कडेने आडवी टाकली.

धाब्याच्या काठावर अनीसचं डोकं दिसलं.

"उम्म नायिफ, अहो, शिडी..."

"चित्रात घर नाही ना? मग शिडी कुठून असणार? आधी साहेबाला कागदावर घर लिहू दे. मग लावते."

वर बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. आधी साहेबाचा आवाज चढला, मग उतरला, मग बंदच झाला. हमदा शिडीवर बसून राहिली.

अनीस पुन्हा वाकला. आता त्याच्या हातात पेन्सिल होती.

"गल्लीतलं पहिलं घर कुणाचं?" त्याने विचारलं.