थांबणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे आणि कोल्हापुरातल्या मुलींच्या एका शाळेच्या सभागृहात राहतो. कुणी मला मोठी पेटी म्हणतं, कुणी टेबल समजून माझ्यावर पोह्यांचं पातेलं ठेवतं. वाईट वाटतं. पण वाजवणारं कुणी समोर बसलं की मी सगळं विसरतो.

कारण एका गोष्टीचं मला अजूनही नवल वाटतं. संगीत शिकवणाऱ्या आमच्या निशाबाईंनी शोपाँ या परदेशी संगीतकाराचं एक पान वाजवलं की वाटायचं, कुणीतरी शांतपणे समजूत काढतंय. एकदा पुण्याच्या पाहुण्यांनी तेच पान वाजवलं, तर त्यातून चक्क संताप ऐकू आला. दोघांनीही एक सूरसुद्धा बदलला नव्हता. माणसं किती गुणी असतात!

१९९४ साली कसबा बावड्याची संघप्रिया शिकायला आली. वडील साखर कारखान्यात कामाला, घरी पियानो कुठून असणार? मधल्या सुट्टीत डबा भराभर संपवून ती माझ्याकडे यायची. तेव्हा माझी एक पट्टी दमट हवेने फुगली होती. दाबली की सूर निघायचा, पण पट्टी सावकाश वर यायची. शोपाँच्या त्याच पानावर नेमका तो सूर लागोपाठ दोनदा होता. संघप्रिया पट्टी वर येईपर्यंत थांबायची आणि मग पुढे जायची. तीन वर्षं असंच चाललं.

मग पियानोची मोठी परीक्षा आली. पास झाली तरच तिला पुण्याला पुढे शिकायला मिळणार होतं. आदल्या दिवशी निशाबाईंनी पेट्या दुरुस्त करणाऱ्या दस्तगीरचाचांना बोलावलं. चाचांनी पट्टी काढून हलक्या हाताने घासली आणि ती टुणकन उठू लागली. बाईंनी बजावलं, आता थांबायचं नाही, थांबलीस तर गुण जातील. संघप्रियाने दहा वेळा न थांबता वाजवून पाहिलं. दर वेळी तिचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी मुंबईचे परीक्षक शेजारी बसले. ती वाजवू लागली. तो सूर आला, आणि पोरगी थांबली. बाईंनी डोळे मिटून घेतले. मला तर घाम फुटायचाच बाकी होता.

परीक्षकांनी पानावर बोट ठेवलं. "इथे थांबायचं कुठे लिहिलंय?"

"लिवलेलं न्हाय, सर. आधी पट्टी अडकायची, म्हणून थांबत हुतो." आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल मुलग्यांसारखंच बोलतात, हे मुंबईकरांना काय ठाऊक? "काल चाचांनी ती नीट केली. आता तो सूर ऐकायला थांबलो."

परीक्षकांनी वही मिटली, पेन खाली ठेवलं आणि तिला पुन्हा वाजवायला सांगितलं. ती पास झाली. त्या दिवशी मला माझ्या अडकण्याचाही अभिमान वाटला.

आता २००६ साल आहे. संघप्रियाबाई याच सभागृहात शिकवतात. त्यांची सुहाना नावाची विद्यार्थिनी त्या सुरावर अजिबात थांबत नाही, हसत पुढे पळते. बाई तिला टोकत नाहीत. मलाही तिचं ते पळणं फार आवडतं.

मित्रांनो, माझ्यावर पातेली ठेवू नका, पावसाळ्यात मला कोरडं ठेवा. ती पट्टी कालपासून पुन्हा अडकू लागली आहे, दुरुस्त करणाऱ्याला जरूर बोलवा. पण तो येईपर्यंत कुणीतरी वाजवत राहा. मला थांबायची सवय आहे, गप्प बसायची नाही.