पुसलेला ठिपका

ढगुबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बँकेतली बरी चाललेली नोकरी सोडून ती कॅमेरा गळ्यात अडकवून समुद्रावर जायला लागली, तेव्हा वडिलांनी ते तिला बहाल केलं. "लोक ऊन पडलं की फोटो काढतात, आमची ढगुबाई आभाळ भरून आलं की निघते," असं ते येईल-जाईल त्याला ऐकवायचे. वडील निवृत्त वायरमन. जिथे लख्ख उजेड नाही तिथे काहीतरी बिघाड आहे, असं आयुष्यभर मानलेला माणूस. लेकीचा फोटो समोर आला की वीजबिल आल्यासारखं तोंड करायचे आणि बाजूला ठेवायचे. ती वरवर हसायची, पण आतून तिला ते लागायचं. बाकी जगाने कितीही वाहवा केली तरी तिला हवी होती ती या एकाच माणसाची.

त्यातच तिला मोठं काम मिळालं. फेरीबोटीच्या धक्क्यावर नवं प्रतीक्षागृह बांधलं होतं आणि त्याची एक अख्खी भिंत किनाऱ्याच्या फोटोसाठी ठेवली होती. ती पहाटेच खडकांवर जाऊन बसू लागली. आभाळ रोज मळक्या चादरीसारखं, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. अशा उजेडात काळ्याकुट्ट सावल्या पडत नाहीत, कपारीतलं शेवाळसुद्धा हिरवंगार उठून दिसतं. एका सकाळी पाणी इतकं शांत होतं, की समुद्र कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं तेच कळेना. तिने धडाधड फोटो काढले आणि घर गाठलं.

आता खरा घोळ इथेच झाला. समुद्रावरच्या वाऱ्यात लेन्स बदलली की कॅमेऱ्याच्या पोटात धूळ जाते. एरवी फोटोत ती खपून जाते, पण सपाट राखाडी आभाळात एकेक कण माशी बसल्यासारखा दिसतो. संगणकासमोर बसून तिने ढगांच्या कडा थोड्या गडद केल्या, खडकांना जराशी ऊब दिली आणि मग ठिपके पुसायला घेतले. टिचकी मारली की ठिपका गायब! पुसता पुसता हाताला अशी चटक लागली, की आभाळ संपून समुद्र लागला तरी तो थांबेना. पाण्यात एक ठिपका होता. तोही गेला.

प्रतीक्षागृह उघडलं त्या दिवशी वडील आले. चक्क आले! इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, सोबत आई आणि गप्पांच्या अड्ड्यावरचे दोघे, घड्याळजी आणि सलूनवाले. वडील फोटोसमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग नाक भिंतीला टेकेल इतके पुढे झाले.

"अहो, कुठे आहात तुम्ही?" घड्याळजींनी विचारलं.

"आहे, आहे. धीर धरा जरा."

"लेकीच्या फोटोत मी आहे, मी आहे, म्हणून आमचं डोकं खाल्लंत," सलूनवाले म्हणाले. "ऐनवेळी बुडी मारलीत की काय?"

"बाबा, तुम्ही कसे असाल फोटोत?" तिला काहीच उमगेना.

वडील वरमले. शेवटी आईनेच सांगून टाकलं. "अगं, रोज धक्क्याच्या पलीकडे पोहतात ना, तू हा फोटो काढलास त्या दिवशी मुद्दाम वळसा घालून तुझ्या कॅमेऱ्यासमोर आले होते. मला म्हणाले, तिला बोलू नकोस, फोटोत बघेल आणि चकित होईल. त्या गारठ्यात! आल्यावर दिवसभर शिंकत बसले होते."

तो ठिपका! बापाने जन्मात पहिल्यांदा तिच्या फोटोत यायची हौस केली, आणि लेकीने काय केलं, तर त्याला पुसून टाकलं! काहीतरी थाप मारावी असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण इस्त्रीच्या शर्टाकडे बघून ते जमेना.

"बाबा, मी तुम्हाला पुसलं," ती म्हणाली. "मला धूळ वाटली. चुकलं हो माझं." आणि तिचे डोळे भरून आले.

वडिलांनी फोटोकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे वळले. "ऐकलंस? तुला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते पोरीने एका टिचकीत करून दाखवलं."

सलूनवाले असे खदखदून हसले, की तिकीट खिडकीतली बाई डोकावून बघायला लागली.

"आणि ही रेघ बघा," वडिलांनी पाण्यावर बोट ठेवलं. खरंच, पाण्यावर एक बारीक रेघ सरळ येत होती आणि मध्येच थांबत होती. "ही मी पोहत आलो त्याची. वायरिंग आहे, बल्ब तेवढा गेलाय."

सगळे पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर वडील हळूच म्हणाले, "हात केला होता मी. तेवढा दिसायला हवा होता." आणि बोटी बघायला बाहेर निघून गेले.

घरी येऊन तिने मूळ फोटो उघडला आणि तो ठिपका मोठा करत गेली. राखाडी पाण्यात एक डोकं होतं आणि त्याच्या बाजूला ताठ वर केलेला हात. नाकातोंडात पाणी जात असताना, पोहायचं थांबून, तिच्याकडे बघून केलेला. ती एकटीच हसली, एकटीच रडली, आणि दोन्ही उरकल्यावर कामाला लागली.

ठिपक्यासकट नव्याने छापलेला फोटो भिंतीवर लागला तेव्हा वडिलांना स्वतःला शोधायला वेळ लागला नाही. त्या ठिपक्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग मागे सरकून त्यांनी पहिल्यांदाच अख्खा फोटो नीट पाहिला.

"आभाळ झकास आलंय गं," ते म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पण हा वर ढगात कोण आहे?"

"ती खरोखरच धूळ आहे, बाबा."

"मग पुसली का नाहीस?"

"आता हात धजावत नाही," ती म्हणाली.