बेकरीच्या पाटीवरची वेलांटी

"तुम्हाला तुमच्या कामाचा कंटाळा येत नाही का हो?"

शिडीवरची बाई खाली न बघताच म्हणाली, "येतो की. रोज अडीचला येतो, चहा पिऊन जातो."

विचारणाऱ्या मुलीशी पैज तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनी लावली होती. नव्या गावात उतरल्यावर काम करताना जो पहिला माणूस दिसेल, त्याला हा प्रश्न तोंडावर विचारायचा. सहा महिन्यांपूर्वी ती आईच्या पाठीमागे दडली असती. हल्ली तिची भीड चांगलीच चेपली होती. उत्तर मिळाल्यावरही ती शिडीखालून हलली नाही.

गाव म्हणजे नुसता एक उतार होता. वर स्टेशन, खाली नदी, आणि मधल्या गल्ल्या नदीकडे जायला निघालेल्या, पण वाटेतच डुलकी लागलेल्या. आईबाबांनी पाच दिवसांसाठी बेकरीच्या माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. पहाटे फरशीखालून पावाचा वास यायचा आणि स्वप्नं मंद आचेवर फुगत राहायची.

गावातल्या सगळ्या पाट्या त्या शिडीवरच्या बाईच्या हातच्या. तिला पाटीवाली मावशी म्हणायचे. शिंप्याच्या पाटीवरची अक्षरं टाके घातल्यासारखी, न्हाव्याची कुरळी, आणि दवाखान्याची इतकी शांत की वाचूनच ताप उतरावा.

"मला शिकवाल?"

"किती दिवस आहेस?"

"पाच."

"पाच दिवसांत माणूस ब्रश धुवायला शिकतो."

तर ती ब्रश धुवायला शिकली. मग खडू लावलेली दोरी ताणून फळीवर सरळ रेघ उठवायला. तिसऱ्या दिवशी हातात रंगाचा ब्रश आला. "श्वास कोंडू नकोस गं, अक्षर गुदमरतं. सोडता सोडता ओढ." ती ओढत राहिली. मान वर केली तेव्हा समोरच्या भिंतीवरचं ऊन कधीच उतरून नदीवर जाऊन बसलं होतं.

"हिची वेडं पाठ आहेत आपल्याला," रात्री जेवताना आई म्हणाली. "पोहणं तीन आठवडे, गिटार दोन महिने."

"गिटार अजून माळ्यावर वाट बघतेय बिचारी," बाबा म्हणाले.

तीही हसली. खोटं काय होतं त्यात? कुठल्याच गोष्टीचा शेवट तिने आजवर पाहिला नव्हता. तो एकदा तरी पाहायचा होता.

चौथ्या दिवशी खुद्द बेकरीचीच पाटी रंगवायला निघाली. 'बे' आणि 'क' मावशीने काढले, 'री' तिला दिली. काना सुरेख उतरला. वेलांटी वळवताना मात्र, आपल्याकडे कोण कोण बघतंय ते बघायचा तिला मोह झाला आणि हात हलून वेलांटी वाकडी झाली. कोपरापर्यंत पिठात माखलेला बेकरीवाला बाहेर आला. "चालेल की," तो म्हणाला.

मावशीने फडकं आणि टर्पेंटाइनची बाटली पुढे केली. "पूस."

"वेलांटी?"

"सगळंच. एवढंच पुसलं तर डाग राहील. पुन्हा अस्तर द्यायचं, दोन दिवस वाळवायचं, मग नव्याने."

"पण मी उद्या जाणार."

"जा की निवांत. मी करेन पुरी, करतेच आहे इतकी वर्षं."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तिने तिन्ही अक्षरं पुसली, अस्तराचा हात दिला आणि बराच वेळ त्या ओल्या पांढऱ्या फळीकडे पाहत उभी राहिली. मग बेकरीवाल्या काकूंशी काहीतरी बोलून जिना चढली.

वर आई बॅग भरत होती. बाबा तिकिटं तिसऱ्यांदा तपासत होते.

"मी उद्या येत नाहीये," ती म्हणाली. "शनिवारी फळी वाळेल, तेव्हा अक्षरं काढणार, पुरी तिन्ही. मावशींना नाही विचारलेलं, पण हो म्हणेपर्यंत शिडी धरून बसेन. झोपायला खाली काकूंकडे. रविवारच्या गाडीने येते, सोमवारी शाळेत असेन. आणि आई, रुसून सांगत नाहीये मी. ठरवून सांगतेय."