दहा महिन्यांचं ‘बरं आहे’

माझ्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला अर्ध्या पोस्टकार्डाएवढी जागा आहे, तिथे मला काही कळत नाही. बोट लावलं तर बोटाला गुडघा कळतो, गुडघ्याला बोट कळत नाही. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. चीर देताना कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात, काही जणांची ती जागा बधिर राहते, घाबरू नका. मी घाबरले नाही. गेल्या दहा महिन्यांत मी कशालाच घाबरले नाही, आणि कशाने आनंदलेही नाही. गणपतीत माझी नणंद गेली. चाळीस वर्षं आमचं छान जमायचं. मी खुर्चीत बसून बातमी ऐकली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिले. तीन झाल्यावर उठून गॅस बंद केला.

बाकीचा गुडघा मात्र बधिर नाही. सकाळी तो कुणीतरी आतून पट्टा आवळावा तसा असतो. पायरी उतरताना आत काहीतरी टक् करतं. संध्याकाळी हात लावला तर गरम लागतो. जुनं दुखणं गेलं, हाडावर हाड घासायचं, ते गेलंच. त्याच्या जागी आलेलं हे नवं, तक्रार करावी एवढं मोठं नाही आणि विसरावं एवढं लहान नाही.

आणि तक्रार करायची कुणाकडे? सर्वेशने, माझ्या मुलाने, गुडघा बदलायच्या ऑपरेशनसाठी बावीस दिवस रजा टाकली. अवंतीने, सुनेने, मला अंघोळ घातली, आणि नाशिकच्या त्यांच्या घरी फ्रिजवर तक्ता चिकटवून गुडघा किती अंशात वाकला ते रोज लिहिलं. नव्वद झाले त्या दिवशी तिने शिरा केला. अशा माणसांना दहाव्या महिन्यात काय तोंडाने सांगायचं? मी जव्हारला माझ्या घरी परत आले, आणि तेव्हापासून रोज दुपारी दीड वाजता डबा खाता खाता सर्वेश फोन करतो.

“आई, कसं आहे?”

“बरं आहे.”

संपलं. संध्याकाळी शिरपामाळच्या रस्त्याला काठी घेऊन फिरायला जाते, तिथे निम्मं गाव ओळखीचं. “बाई, कसा आहे गुडघा?” “बरं आहे.” विचारणारे उत्तराला थांबतही नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. मला हल्ली राग यायचाही कंटाळा येतो, आणि हे बोलणारी मी, जिच्या रागाने सूर्यमाळच्या शाळेची पत्र्याची खोली थरथरायची!

सूर्यमाळच्या एका पाड्यावर मी सोळा वर्षं शिकवलं. पहिल्या वर्षी फार खूश होते. काहीही शिकवलं आणि “समजलं का?” विचारलं की सगळी पोरं एका सुरात “हो बाई!” म्हणायची. परीक्षा घेतली तर पाटी कोरी. मी चिडले, ओरडले, मग शाळेच्या ओट्यावर बसून रडले. तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या धोंडीबाईने तांदूळ निवडता निवडता मला सांगितलं, “बाई, पोरांची घरची बोली येगळी. तुमचं बोलनं त्यांना अर्धंच कळतं. पन बाई एवढ्या लांबून आल्यात, त्यांना वाईट कशाला वाटू द्यावं, म्हनून हो म्हनतात.”

त्या दिवसापासून मी “समजलं का?” हा प्रश्न सोडला. “करून दाखव” म्हणायला लागले. माझ्या नोकरीत जे काही बरं झालं, ते त्या एका वाक्यामुळे.

परवा धोंडीबाई आली. सूर्यमाळहून जीपने खोडाळा, तिथून एसटीने मोखाडा, मोखाड्याहून जव्हार. दोन्ही गुडघे धनुष्यासारखे वाकलेले, भिंतीचा आधार घेत घेत आत आली. तिचंही ऑपरेशन ठरलंय हे मला माहीत होतं. सर्वेशनेच खटपट करून नाशिकला तारीख मिळवून दिली होती, आधी उजवा पाय, मग डावा. फोनवर तिचा मुलगा देवजी मला म्हणाला होता, “बाई, आई कुनाचं ऐकत नाय. तुमचा गुडघा चांगला झालाय ना, एवढं तिला सांगा.” मी सांगितलं होतं. काय सांगितलं असणार? तेच दोन शब्द.

“शुक्रवारी भरती व्हायचंय,” ती म्हणाली. “म्हटलं, आधी तुमचा पाय डोळ्यानं बघून घ्यावा.”

आमच्याकडे बैल घ्यायचा तर जाऊन बघतात, मुलगी द्यायची तर घर बघतात, मग गुडघा तरी न बघता कसा घालतील? मी साडी वर करून व्रण दाखवला. तिने तो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. मग ती भिंतीला टेकून पाय पसरून खाली बसली आणि मी समोर खुर्चीत बसले. सोळा वर्षं आम्ही शाळेच्या ओट्यावर शेजारी शेजारी तांदूळ निवडले, आणि आता मी तिच्या डोक्याच्या वर कुठेतरी. ते तिच्याही लक्षात आलं असावं.

“खाली बसता येतंय ना?” तिने विचारलं. “मला एवढंच पायजे. आवनी करायची हाय. चिखलात वाकून, बसून, भात लावता आला पायजे.”

दहा महिन्यांत मी जमिनीवर बसलेले नाही. देवासमोरचा पाट मी टेबलावर चढवला आहे. आणि भातलावणीचं तर डॉक्टरांनीच सांगितलंय, की उकिडवं बसणं, चिखलातलं काम, सगळं बंद. तिला कुणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. सांगितलं असेल तर तिनेही “हो डॉक्टर” म्हटलं असेल.

“येईल हळूहळू,” मी म्हणाले. “बरं आहे माझं.”

तिने पिशवीतून निरगुडीचा पाला काढला. “बांधावरचा हाय. शेक देते तुम्हाला. एवढ्या लांबून रिकाम्या हातानं कशी येऊ?” नको म्हणणार होते मी, पण नको म्हणायलाही जोर लागतो. तिने उठून गॅसवर तवा ठेवला, पाला गरम केला, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला, आणि ती गरम पुरचुंडी माझ्या गुडघ्यावर ठेवली. आधी वर, मग आत. छान वाटलं, खरंच. मग बाहेरच्या अंगाला ठेवली आणि दाबून धरली.

“जास्त लागतंय का?”

“बरं आहे.”

पुन्हा तव्यावर, पुन्हा गुडघ्यावर. “आता?”

“बरं आहे गं.”

धोंडीबाईच्या हातांना गरम कळत नाही. सोळा वर्षं खिचडीची टोपं तिने पदराशिवाय उतरवली आहेत, तळवे चपलेच्या तळासारखे झालेत. ती माझ्या तोंडावर विसंबून होती. आणि माझं तोंड तर दहा महिन्यांपूर्वीच गुडघ्याचं ऐकायचं बंद झालेलं. आम्ही दोघी अशा, एकीच्या हाताला कळत नाही आणि दुसरीच्या गुडघ्याला. मला पोळल्याचा वास आला तेव्हा वाटलं, पाला करपला.

तिने पुरचुंडी उचलली आणि तिचा चेहरा उतरला. खाली कातडी लालभडक, आणि मधोमध पाण्याचा फोड धरू लागलेला.

“अगं आई!” ती कपाळावर हात मारत म्हणाली. “बाई, हे भाजलंय! तुमी बोलला का नाय?”

“मला कळलंच नाही,” मी म्हणाले.

ती माठातलं पाणी घेऊन आली आणि तांब्याने हळूहळू फोडावर धार धरली. ते पाणीही मला कळत नव्हतं. मी वाकून तिच्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तशी. तांब्या रिकामा झाला. तिने दुसरा आणला. मग वर न बघता म्हणाली,

“बाई, तुमी आपल्या शाळंतल्या पोरांसारखं हो बाई, हो बाई करताय.”

 ही बाई एकदा मला खरं काय ते सांगून गेली होती, आणि आज मी तिला खोटं सांगून शुक्रवारी ऑपरेशनच्या टेबलावर झोपवणार होते. देवजी सांगेल बाई म्हणाल्या, सर्वेश सांगेल आई म्हणाली, आणि आषाढात ती चिखलात उतरायला जाईल तेव्हा तिला कळेल.

“धोंडीबाई, बसता येत नाही मला,” मी म्हणाले. “येणारही नाही. तुलाही आवणी करता येणार नाही. मी खोटं बोलले.”

तांब्या तिने खाली ठेवला. “कवाच नाय?”

“कधीच नाही. उभ्याने कामं कर, चाल. ते येईल. जुनं दुखणं गेलं हे खरं आहे, मी रोज शिरपामाळच्या रस्त्याला जाऊन येते. पण सकाळी आवळतो. रात्री कुशीवर झोपता येत नाही. इथे काही कळत नाही, ते तू बघितलंसच. माणसं म्हणतात सहा महिने लागतात, मग म्हणतात वर्ष लागतं. मला दहा झाले.” एवढं बोलून मला धाप लागली.

मला वाटलं, आता ती उठेल, दोनची गाडी पकडेल, नाशिक रद्द. गेली असती तर मी थांबवलं नसतं. ती बराच वेळ स्वतःच्या वाकड्या गुडघ्यांवर हात फिरवत राहिली. आवणी तिची कमाई नव्हती नुसती, पाड्यावर रांगेत ती पहिली असायची, गाणं तीच उचलायची.

“सुनंला लावू दे भात,” ती शेवटी म्हणाली. “मी बांधावर उभी राहून गाईन. जाते मी शुक्रवारी.”

“एवढं ऐकूनसुद्धा?”

“एवढं ऐकलं म्हनून. फोनवर तुमी नुसतं बरं हाय म्हनलात, तवापासून मला भ्या वाटत होतं. म्हटलं, बाईचं काय दुखलं नाय आनि माझं दुखलं, तर मी कुनाला सांगू?”

तेव्हा मला रडू आलं. नणंद गेल्यावर आलं नाही ते आलं, एकदम, नाक गळेपर्यंत, शोभा होईल असं. धोंडीबाईने मला रडू दिलं. तिने फक्त पाण्याची धार पुन्हा सुरू केली. फोडाची एक कड त्या अर्ध्या पोस्टकार्डाच्या बाहेर, जिवंत कातडीवर आली होती. तिथे पाणी लागलं आणि झोंबलं. मी “स्स” केलं.

“कळलं ना?” ती म्हणाली.

“कळलं.”

दीड वाजला. फोन वाजला. मी नाक पुसलं आणि उचलला. पलीकडे डब्याच्या झाकणाचा आवाज.

“आई, कसं आहे?”

धोंडीबाई तांब्या हातात धरून माझ्याकडे बघत होती.

“दुखतंय,” मी म्हणाले.

झाकणाचा आवाज थांबला. “आज काय झालं?”

“आज काही नाही रे. पहिल्या दिवसापासून दुखतंय.”

 मला ऐकू येत होतं, त्याच्या ऑफिसात कुणीतरी हसत होतं, कुणीतरी खुर्ची ओढली. मग सर्वेश म्हणाला, “थांब, मी बाहेर येतो,” आणि जिना उतरताना त्याचे पाय वाजले. “हं, आई. आता सांग.”