माकडटोपीतला कोळी

माझ्या नवऱ्याचं नाव माधव. समोर मी त्यांना 'अहो' म्हणते आणि मनात 'माधवराव' म्हणते. त्या 'राव'मध्ये आदर किती आणि बाकीचं काय काय, ते माझं मला ठाऊक. बँकेतून निवृत्त झालेली माणसं देवदर्शनं करतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून शेजाऱ्यांशी भांडतात. माधवरावांनी कॅमेरा घेतला. मग कॅमेऱ्याला लेन्स, लेन्सला फिल्टर, सगळ्याला बॅग, आणि ती बॅग पावसात भिजू नये म्हणून बॅगेला रेनकोट. बुधवार पेठेतला तो कॅमेऱ्याचा दुकानदार, जो गिऱ्हाइकाकडे मान वर करूनही बघत नाही, तो ह्यांना चहा पाजायला लागला, यावरून काय ते समजा.

फोटो मात्र निघायचे आमच्या शनिवार पेठेतल्या फ्लॅटच्या गॅलरीतल्या कबुतराचे. नव्या लेन्सने कबूतर, जुन्या लेन्सने तेच कबूतर, मग संगणकावर दोन्ही कबुतरं शेजारी शेजारी ठेवून पिसांची तपासणी. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. एकदा मी म्हटलं, कबूतर जरा कडेला घ्या, मध्ये गोळा ठेवल्यासारखं दिसतंय. तर म्हणाले, "सरोज, ही चित्रकला नाही. हे तंत्र आहे." चित्रकलेच्या बाईंना शाळेत गॅदरिंगच्या पडद्यांपुरता मान असतो आणि घरात रांगोळीपुरता. मी पुन्हा बोलले नाही.

ह्यांच्या फोटोक्लबात कुणीतरी सांगितलं की जपानमध्ये वापरलेल्या लेन्स नव्यासारख्या मिळतात, शिवाय पासपोर्ट दाखवला की कर माफ. झालं. आम्ही जपानला निघालो ते असे. मुलगी सलोनी कोथरूडहून मिठाई घेऊन आली. तिला वाटलं, आईबाबा या वयात हौस करतायत. मलाही तसंच वाटावं म्हणून मी दोन नवे कुडते शिवून घेतले.

टोकियो मी पाहिलं ते कॅमेऱ्याच्या दुकानांतल्या स्टुलावर बसून. माधवराव एकेक लेन्स दिव्यासमोर धरायचे, आत धुळीचा कण शोधायचे आणि परत करायचे. तिथला विक्रेता दरवेळी कमरेत वाकून पुढची काढून द्यायचा. आमच्या बुधवारातला असता तर दुसऱ्याच लेन्सला 'घ्यायचीय की नुसती बघायचीय?' म्हणाला असता. शेवटी एक लेन्स पसंत पडली. त्या दिवशी माधवराव इतके खूश होते की मला म्हणाले, तुला काही बघायचं होतं का? तोवर संध्याकाळ झाली होती.

मग सुरू झाली 'स्पॉट'ची फेरी. क्लबच्या मंडळींनी ह्यांच्या मोबाईलमधल्या नकाशावर खुणा करून दिल्या होत्या: या पुलावर उभं राहा, त्या पायऱ्यांवरून उजवीकडे वळा. आम्ही खूण गाठायचो आणि तिथे आधीच माणसं रांग लावून एकच फोटो काढत असायची. माधवरावही काढायचे. मग मोबाईलवर दुसऱ्या कुणी काढलेला फोटो उघडून ताडून बघायचे आणि म्हणायचे, तंतोतंत आला. मी विचारलं, मग आपण आलो कशाला? त्यावर जेवणापर्यंत बोलणं बंद.

फुजीच्या पायथ्याच्या तळ्याकाठीही अशीच खूण होती. ह्यांनी मला पहाटे उठवलं. थंडी अशी की बोटं वळेनात. मी विणलेली, घरून आणलेली लालभडक माकडटोपी ह्यांनी कानापर्यंत ओढली. पुण्यात थंडीत स्कूटरवरही ह्यांना तीच लागायची. पेठांमध्ये हेल्मेट कोण घालतंय. काठावर सगळे ट्रायपॉड फुजीकडे तोंड करून उभे होते आणि फुजीने ढगांची चादर डोक्यावरून ओढून घेतली होती. तरी माणसं थांबली होती, कारण खूण तिथे होती.

माधवरावांचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायला एक चपटी प्लेट लागते, ती सापडेना. "हा धर. पट्टा गळ्यात घाल. पाडू नकोस," म्हणून त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि काठावर गुडघे टेकून बॅगेत डोकं घातलं. बॅगेला कप्पे इतके की प्लेट मिळायला आणि उजाडायला एकच वेळ यायची.

मी चालत चालत लाकडी धक्क्यावर गेले. त्याच्या टोकाला जाऊन मागे वळून पाहिलं. फुजी माझ्या पाठीमागे होता, आणि समोर पाण्यावर धुकं उतरत होतं. झाकून ठेवलेल्या होड्या एकामागे एक करड्या होत गेल्या होत्या. काठ, त्यावरची माणसं आणि ट्रायपॉड, सगळं पुसून गेलं होतं. आणि त्या सगळ्या करड्या पसाऱ्यात एका कोपऱ्यात एक इवलासा लाल ठिपका, पाण्याकडे पाठ करून खाली वाकलेला. सगळं जग समोर उलगडतंय आणि हा माणूस बॅगेत काहीतरी शोधतोय. मला हसू आलं. माझा उभा संसार त्या चौकटीत मावला होता. ठिपका मी कडेला घेतला, पाणी भरपूर ठेवलं आणि बटण दाबलं. एकदाच दाबलं. मग ऊन आलं आणि धुकं गेलं.

माधवरावांना प्लेट मिळाली, पण फुजी काही दिसला नाही. हॉटेलवर येऊन ते कॅमेऱ्यातले फोटो बघत बसले आणि एकदम थांबले. मग म्हणाले, "हा मध्ये माणूस कोण आलाय?"

मी म्हटलं, "अहो, तुम्हीच आहात तो."

त्यांनी मोठा करून पाहिला. टोपी दिसली. मग म्हणाले, क्षितिज जरा तिरकं आहे, पण सरळ करता येईल. आणि हा माणूस पुसून टाकता येईल.

पुण्याला आल्यावर त्यांनी खरंच स्वतःला पुसलं. तो फोटो क्लबच्या केदारला दाखवला. केदार क्लबचा सचिव, चांगली नजर असलेला माणूस. त्याला धुकं आवडलं, पण काहीतरी कमी आहे म्हणाला. मग ह्यांनी नाइलाजाने मूळ फोटो दाखवला. केदार खुर्चीतून उठला. म्हणाला, तो लाल ठिपका काढलात तर फोटोच पडतो. वार्षिक प्रदर्शनात हाच मधल्या भिंतीवर लावायचा.

हे मला माधवरावांनीच येऊन सांगितलं, आनंदाने. मी विचारलं, कुणाचा म्हणून लावणार? तर म्हणाले, प्रदर्शन फक्त सभासदांसाठी असतं आणि तू सभासद नाहीस. नाव माझं टाकावं लागेल. उद्घाटनाला बोलायला उभा राहीन तेव्हा सांगीन की सगळ्यांना. त्यात काय एवढं?

मी हो म्हटलं. मला त्या फोटोखाली माझं नाव हवं होतं आणि ते निदान कानांनी तरी ऐकायला मिळेल असं वाटलं. आयुष्यभर मुलींची चित्रं भिंतीवर लावली, प्रत्येकीखाली तिचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. माझं एकही चित्र कधी कुठे लागलं नव्हतं. सलोनीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, बाबा सांगणारेत ना? आणि नाही सांगितलं तरी जाऊ दे. तुम्हा दोघांचाच तर आहे फोटो." लेक माझी, पण बोलणं बापाचं.

जानेवारीतल्या थंडीत उद्घाटन होतं. आम्ही स्कूटरवर गेलो. हॉलच्या दारात ह्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, ती मी पर्समध्ये टाकली. आत गेले आणि पाय थांबले. मधल्या भिंतीवर माझं तळं होतं, दारातून दिसेल एवढं मोठं. बाकीच्या फोटोंसमोरून माणसं पुढे सरकत होती, तिथे मात्र घोळका होता. मी लांब उभी राहून बघत राहिले. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

पाहुण्या होत्या कुसुमताई, फोटोग्राफी शिकवण्यात हयात गेलेल्या. त्यांनी भाषणात याच फोटोचं नाव घेतलं आणि माधवरावांना दोन शब्द बोलायला बोलावलं. मी साडीचा पदर नीट केला. माधवराव लेन्सविषयी बोलले. ती टोकियोत कशी पारखून घेतली, धुक्यात प्रकाश किती ठेवावा, फोटोग्राफीत संयम किती लागतो. मग म्हणाले, आमच्या सौभाग्यवतींचेही आभार मानले पाहिजेत. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "एवढ्या थंडीत न कुरकुरता त्या माझं सामान सांभाळत उभ्या होत्या."

टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. मी हात जोडले. दुसरं काय करणार होते?

भाषणं संपल्यावर कुसुमताई पुन्हा फोटोपाशी आल्या. केदार होता, माधवराव होते, मी होते. ताई चष्मा कपाळावर सरकवून त्या ठिपक्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सगळा फोटो या माणसात आहे. समोर एवढं घडतंय आणि त्याला पत्ताच नाही. कोण हो हा?"

मला वाटलं, आता. आता तरी.

"तिथलाच एक कोळी," माधवराव म्हणाले. "जाळं आवरत होता. त्याने योग्य जागी वाकावं म्हणून मी बराच वेळ थांबलो."

आयत्या बिळावर नागोबा, हे मला कळत होतं. पण बिळात राहता यावं म्हणून नागोबा स्वतःचीच ओळख नाकारील असं वाटलं नव्हतं. माझं नाव घ्यायचं नाही म्हणून हा माणूस स्वतः कोळी व्हायला तयार झाला. एवढं जड होतं का ते नाव?

मी पर्स उघडली. लाल टोपी बाहेर काढली आणि त्यांच्यासमोर धरली. म्हटलं, "अहो, थंडी आहे. टोपी घाला."

कुसुमताईंना कुणीतरी हाक मारली, त्या तिकडे वळल्या. त्यांनी काही पाहिलं नाही. केदारने पाहिलं. टोपीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा टोपीकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर सगळं उमटलं, अगदी स्वच्छ. मी त्याच्याकडे बघत राहिले. चांगली नजर असलेला माणूस तो.

"वहिनी," केदार म्हणाला, "तुम्ही चहा घेतलात का? चला, बटाटेवडे गार होतायत."

माधवरावांनी टोपी घेतली नाही. उकडतंय म्हणाले. घरी जाताना स्कूटरवर मी मागून त्यांचे लालबुंद कान बघत होते. टोपी माझ्या मांडीवर होती. शनिपाराच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, "कॅमेरा माझा, लेन्स माझी, सेटिंग माझं. बोट तेवढं तुझं होतं." सिग्नल सुटला. दुसऱ्या दिवशी ह्यांना सणसणून सर्दी झाली आणि काढा मीच केला.

टोपी त्यांनी नंतर बोहारणीच्या गाठोड्यात टाकली. त्यातून एक चहाची गाळणी आली.

प्रदर्शन संपल्यावर फोटो घरी आला आणि हॉलमध्ये सोफ्याच्या वर लागला. खाली पितळी पट्टीवर माधवरावांचं नाव आहे. येणाराजाणारा विचारतो, माधवराव सांगतात. गोष्ट वाढत चालली आहे. आधी तो नुसता कोळी होता. मग त्याचं वय झालं, मग त्याला एक आजारी बायको झाली. होळीनंतर तर त्याने ह्यांना बोलावून चहा पाजला. मी ऐकते आणि पोहे परतते.

परवा ह्यांच्या बँकेतले श्रीधरराव सपत्नीक आले होते. फोटोची सगळी कथा झाली. श्रीधररावांच्या पत्नीने माझ्याकडून पोह्यांची बशी घेताना सहज विचारलं, "तुम्ही नव्हता का तेव्हा बरोबर?"

"होती ना," माधवराव म्हणाले. "ती मागे काठावर होती. बॅगेत काहीतरी शोधत होती. हिचं लक्षच नव्हतं."

मी हातातली दुसरी बशी खाली ठेवली. फोटोकडे पाहिलं. एवढं सगळं घेऊन झालं होतं, आता माझी उभी राहायची जागाही घेतली होती आणि स्वतःची मला दिली होती.

"लक्ष होतं," मी म्हटलं. "मी ह्यांच्याकडेच बघत होते."

श्रीधररावांची पत्नी हसली. या वयातही किती प्रेम, असं काहीतरी म्हणाली. श्रीधररावांनी माधवरावांना कोपराने ढोसलं. माधवराव फोटोखाली बसून, बशीत मान घालून पोह्यांतले शेंगदाणे शोधत राहिले.